सुळा

परवा दुपारी ऑफिसखालच्या पेरूवाल्याने सवयीने पेरूला चार चिरा पाडल्या, आत तिखटमीठ भरलं आणि माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, दादा, बारीक फोडी करून द्या ना. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, दातांवरच्या तारा दिसल्या, आणि एवढंच म्हणाला, "आता? या वयात?"

आता. 43 व्या वर्षी. दात आहेत तर चणे नाहीत ही म्हण माझ्या बाबतीत वेगळीच झालीय, दातही आहेत, चणेही डब्यात आहेत, पण डॉक्टरांनी चणे, ऊस, चिक्की, कणीस सगळं बंद केलंय, दातावर चिकटवलेला, तार धरणारा ब्रॅकेट निघून येतो म्हणून.

क्लिनिकमध्ये वेटिंगला मी आणि सहावी-सातवीतली पोरं. एकाने मागे विचारलं, काकू तुमचा कितवा महिना? मी म्हटलं आठवा, तर बाजूच्या आजी दचकून माझ्या पोटाकडे बघायला लागल्या. पोरं ब्रॅकेटवर निळ्या-हिरव्या रबरी रिंगा लावून घेतात, मी शहाणपणा करून पारदर्शक घेतल्या आणि दोन दिवसांच्या वरणभातात त्या हळदीने पिवळ्याधमक झाल्या. आता राखाडी घेते.

हल्ली म्हणे सातव्या वर्षीच मुलांचे दात एकदा दाखवून घ्यावेत, तोवर पुढचे दात आणि पहिल्या पक्क्या दाढा आलेल्या असतात, जागा पुरणार की नाही ते कळतं. आमच्या सातव्या वर्षी दात पडला की शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकायचा, संपलं ऑर्थोडॉन्टिक्स. माझा वरचा डावा सुळा त्यानंतर हिरडीत उंचावरूनच बाहेर आला, शेजारच्या दातावर चढून बसला. आजी म्हणायची, दातावर दात म्हणजे भाग्यवान. भाग्य काय ते असो, दहावीच्या फोटोपासून लग्नाच्या अल्बमपर्यंत मी सगळीकडे ओठ मिटून हसलेय, एखाद्याशी भांडण झाल्यासारखी.

बाबांचा सुळा अस्साच होता, त्याच बाजूला. पण ते खदाखदा हसायचे. आणि ऊस. संक्रांतीच्या आसपास अंगणात उकिडवे बसून, मान जराशी वाकडी करून ते त्या सुळ्यानेच उसाची साल धरायचे आणि चर्रर्र करून खाली ओढायचे, एका ओढीत हातभर. सोललेली कांडी आम्हाला, पेराची गाठ स्वतःला. कोयता बाजूलाच पडलेला असायचा.

तर दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. तारेने दाब दिला की दात ज्या बाजूला सरकायचा त्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागे नवीन भरतं, महिन्याला साधारण 1 मिलिमीटर. हिरड्या धड असतील तर वयाचा तसा प्रश्न नाही. नंतर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर लावला नाही तर मात्र दात हळूहळू जुन्या घराकडे निघतात. हे सगळं डॉक्टरांनी मला माझ्याच दातांचा प्लास्टरचा साचा हातात धरून समजावलं. सुरुवातीला तोंडात गुलाबी पीठ कोंबून माप घेतलं होतं ना, त्याचा. पुढे मी हौसेने तो मागून घरी आणला आणि टीव्हीच्या कपाटात ठेवून विसरले.

दिवाळीत आई आली होती. फडकं मारता मारता तो साचा तिच्या हाती लागला. मी आतून ओरडले, अगं घाण वाटेल तुला, ठेव तो. ती काही बोलली नाही. बाहेर येऊन बघते तर सोफ्यावर बसलेली, मांडीवर साचा, अंगठा त्या सुळ्यावर.

"हे ह्यांचे कुठून आणलेस?" म्हणाली.

बाबांना जाऊन 6 वर्षं झाली. माझेच आहेत गं, म्हटलं. ती हो म्हणाली, पण साचा जाताना पिशवीत घालून घेऊन गेली.

पुढच्या वेळी तार बदलली की सुळा ओळीत येईल असं डॉक्टर म्हणालेत. अपॉइंटमेंट कालची होती. मी फोन करून ती पुढच्या आठवड्यावर ढकलली. ऑफिसात काम होतं तसं.