हनुवटीवरचे केस आणि डायोड लेझर: माझा अनुभव

हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने येणारे जाड, काळे केस कमी करायला मी डायोड लेझर करून घेतलं. 'कमी करायला' हे मुद्दाम म्हणते. उरलेले केस बारीक होतात, विरळ होतात, पण सगळेच्या सगळे जात नाहीत.

मशीनकडे वळण्याआधी रक्त तपासून घ्या, विशेषतः पाळी अनियमित असेल तर. एकूण टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि 17-ओएच प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या तपासण्या पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी सकाळी केल्या की निकालाचा नीट अर्थ लागतो. पीसीओएस (बीजकोशांशी निगडित हार्मोनचा विकार) असेल आणि त्याच्यावर काहीच उपचार नसतील, तर लेझर करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. नवे केस येतच राहतात.

लेझरचा उजेड केसातलं मेलॅनिन, म्हणजे रंगद्रव्य, शोषून घेतं, तापतं, आणि ती उष्णता मुळापर्यंत जाते. गोची अशी की तेच मेलॅनिन आपल्या त्वचेतही भरपूर असतं. म्हणून गव्हाळ-सावळ्या रंगाला 755 नॅनोमीटर तरंगलांबीचं अलेक्झांड्राइट लेझर जपूनच. 810च्या आसपासचं डायोड मधलं. 1064चं एनडी-याग सर्वात सुरक्षित, पण ते जास्त दुखतं आणि बारीक केसांवर फारसं चालत नाही. पार्लरमध्ये ज्याला आयपीएल म्हणतात, ते लेझर नव्हेच. त्यात अनेक तरंगलांबींचा मिसळलेला प्रकाश असतो आणि सगळी भिस्त फिल्टरवर. पांढऱ्या केसांवर यातलं काहीच चालत नाही, कारण शोषायला रंगच नाही.

लेझरच्या आधी किमान चार आठवडे थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमटा सगळं बंद. मूळच उपटलं तर लेझर तापवणार काय? रेझर मात्र चालतो. आदल्या दिवशी गुळगुळीत दाढी करून जायचं (हो, दाढीच, त्याने केस जाड होत नाहीत). खुंट राहिले तर ते त्वचेच्या वरच जळतात, त्यांची काजळी हँडपीसच्या (मशीनचा त्वचेवर टेकवायचा भाग) काचेला चिकटते आणि तीच काच पुढच्या झटक्याला चटका देते. दर थोड्या झटक्यांनी काच पुसतात का, ते बघत जा. खुणा करायच्या तर पांढऱ्या पेन्सिलने. काळी-निळी शाई उजेड शोषते. उन्हात रापून आला असाल तर सरळ तारीख पुढे ढकला.

आधी कानाखाली पॅच टेस्ट, म्हणजे छोट्याशा जागेवर चाचणी. काळपट डाग उशिरा उमटतो, म्हणून दोन दिवसांत निकाल लावू नये. प्रत्यक्ष सिटिंगमध्ये गॉगल, थंड जेल आणि मग झटके; रबरबँड ताणून सोडल्यासारखं लागतं, ओठाच्या वर जास्तच. हँडपीस त्वचेवर सपाट टेकलेला हवा. जबड्याच्या हाडावर तो तिरका झाला की एका कडेचं थंडावणं सुटतं आणि तिथे चौकोनी शिक्क्यासारखा भाजल्याचा डाग पडतो. झटक्यांनंतर काही मिनिटांत प्रत्येक केसाभोवती बारीक लालसर फुगवटा दिसला, तर ऊर्जा बरोबर लागली. त्वचा राखाडी किंवा पांढरट पडली, तर तिथेच थांबवा.

ऊर्जा किती ज्यूल, पल्स (एका झटक्याचा वेळ) किती मिलिसेकंद, स्पॉट (एका झटक्यात उजेड पडणारी जागा) किती मिलिमीटर, हे दर वेळी फाइलवर लिहून घ्या. सावळ्या त्वचेला लांब पल्स लागतो, म्हणजे वरच्या थराला मधल्या मधे निवायला वेळ मिळतो. मात्र एका मशीनवरचे ज्यूल जसेच्या तसे दुसऱ्यावर लावता येत नाहीत. स्पॉट आणि कूलिंग वेगळं असतं.

गालावरच्या लवेला मी हात लावू दिला नाही. चेहऱ्यावर, मानेवर, त्यातून हार्मोनचा त्रास असेल तर लेझरने उलट बारीक लवेचेच जाड केस झाल्याची उदाहरणं त्वचारोगतज्ज्ञांना चांगली माहीत आहेत. उपचार केलेल्या पट्ट्याच्या कडेलाही असं होतं. 'पूर्ण चेहरा पॅकेज' स्वस्त पडतं खरं, पण ते घ्यायचं कशाला?

नंतरचे एक-दोन दिवस गरम पाणी, वाफ, स्क्रब नको. हळद-लिंबाचे लेप तर नकोच. सनस्क्रीन रोज. पुढच्या एक ते तीन आठवड्यांत केस वाढल्यासारखे दिसतात. ते मेलेले असतात आणि बाहेर ढकलले जात असतात. त्यांना चिमटा लावू नका.

चेहऱ्याला साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा ते आठ सिटिंग धरून चला, कारण वाढीच्या टप्प्यात असलेल्या केसांवरच परिणाम होतो आणि सगळे केस एकाच वेळी त्या टप्प्यात नसतात. लग्न दोन महिन्यांवर आल्यावर सुरू करणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. शेवटी चार-दोन पांढरे किंवा हट्टी केस उरतात. त्यांच्यासाठी इलेक्ट्रोलिसिस: एकेका मुळात सुई घालून वीज देतात. काम किचकट आणि वेळखाऊ, पण केसाचा रंग कुठलाही असो, चालतं.