काचघरातली वाफ अखेर हटली, घटपर्णीचा काठ मिळाला!

घटपर्णीचे, म्हणजे किडे पकडणाऱ्या घड्यासारख्या पानांच्या वनस्पतीचे, अगदी जवळून फोटो काढायला काचघरात जातेय. तिसऱ्या चकरेत पहिल्यांदाच एकही धुरकट फ्रेम न घेता बाहेर पडले, म्हणून आल्या आल्या लिहायला बसलेय.

पहिल्या दोन वेळचं रडगाणं तुम्हाला माहितीये, ट्रॉपिकल हॉलचं दार ढकललं की दोन सेकंदात लेन्स पांढरी. मी पुसायचे, थांबायचे, परत पुसायचे, आणि पुढची काच लख्ख दिसत असूनही फोटो दुधाळच. घरी फाइल्स बघताना लेन्समध्ये फंगस शिरलं की काय म्हणून पोटात गोळा आलेला. दुसऱ्या वेळी निघता निघता यूव्ही फिल्टर (लेन्सवर चढवलेली जादा काच) काढला तेव्हा कुठे कळलं, वाफ फिल्टर आणि फ्रंट एलिमेंटच्या, म्हणजे लेन्सच्या स्वतःच्या पहिल्या काचेच्या, मधे अडकलेली होती. तिथे ना कापड पोचतं ना हवा खेळते. काचघरात फिल्टर लावायचाच नाही, हे माझं पक्कं ठरलंय.

पण मूळ कारण फिल्टर नव्हतंच. हॉलमधल्या मीटरवर २८ डिग्री आणि ८० टक्के आर्द्रता, म्हणजे दवबिंदू (ज्याच्याहून थंड वस्तूवर हवेतली वाफ पाणी होऊन धरते ते तापमान) साधारण २४ डिग्री. एसी गाडीतून आलेला कॅमेरा २०-२१ वर असेल तर त्याच्यावर पाणी धरणारच, काच २४ च्या वर गेली की आपोआप थांबणार. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी सिलिका जेल सुचवलं होतं, मीही बॅगेत चार पुड्या टाकल्या होत्या, पण जेल फक्त बॅगेतली हवा कोरडी ठेवतं, काच थंडच राहते आणि कॅमेरा बाहेर काढला की पहिले पाढे पंचावन्न. अँटी-फॉग वाइप्स तर लेन्सच्या कोटिंगवर नकोच, समोरून प्रकाश आला की पुसल्याचे पट्टे दिसतात.

या वेळी बाहेरच कॅमेरा लेन्ससकट झिप पिशवीत घातला, हवा दाबून काढली, आत एक छोटा थर्मामीटर ठेवला आणि पिशवी बंद करूनच हॉलमध्ये गेले. दव धरलं ते पिशवीवर, कॅमेरा कोरडा. आकडा २१ वरून २६ वर जायला ४० मिनिटं लागली, तोवर नुसतीच फिरून उजेड कुठून येतो आणि मिस्टिंग (झाडांवरचा पाण्याचा बारीक फवारा) कधी सुरू होतं ते बघून ठेवलं. स्लायडरवाली पिशवी घेऊ नका, स्लायडर थांबतो त्या कोपऱ्यात बारीक फट राहते. बोटाने दाबून बंद करायची साधीच घ्या. आणि आत लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही.

मग घटपर्णी! ट्रायपॉडला परवानगी नाही, म्हणून कोपर कठड्याला टेकवून १:१ वर (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढीच उमटते), एफ/८, १/२००, आयएसओ १६००. एफ/१६ चा, म्हणजे लेन्सचं छिद्र आणखी बारीक करायचा, मोह टाळला, १:१ ला ते प्रत्यक्षात एफ/३२ सारखं वागतं आणि डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळं मऊ होतं. मिस्टिंग नुकतंच संपलेलं, पेरिस्टोमच्या, म्हणजे घड्याच्या काठाच्या, लालसर बारीक रेघांवर पाण्याचा पातळ थर पसरलेला. त्याच ओल्या थरावरून मुंगीचे पाय सुटतात, आणि तो थर रेघ अन् रेघ दिसेल इतका स्वच्छ आलाय. झाकणाच्या खालच्या बाजूला मधाचा एक थेंबही आहे, त्यात काचेच्या छताची चौकट उलटी दिसते. झूम करकरून बघतेय मघापासून.

पुढच्या वेळी पुन्हा घटपर्णीच करायची होती, ११ फ्रेम्सचा स्टॅक (वेगवेगळ्या ठिकाणी फोकस केलेले फोटो जोडून एक). पण लिहिता लिहिता डोक्यात आलं, आकाशाचे फोटो काढणारे लेन्सवर दव धरू नये म्हणून तिच्याभोवती ड्यू हीटरची गरम होणारी पट्टी गुंडाळतात, पॉवर बँकवर चालते, ती गाडीतच सुरू केली तर? लेन्स आधीच गरम, पिशवीत फक्त बॉडी, कदाचित ४० मिनिटं थांबायलाच नको. आणि तसं जमलं तर स्टॅक राहू दे, आधी व्हिक्टोरिया अमेझोनिका, ते प्रचंड पानांचं पाणकमळ. तिचं फूल पहिल्या संध्याकाळी पांढरं उमलतं आणि दुसऱ्या संध्याकाळी गुलाबी होतं, म्हणजे काचघर बंद व्हायच्या आधीचा जेमतेम अर्धा तास हातात, तोही लागोपाठ दोन दिवस. उद्या फोन करून कळी आलीये का विचारते. पट्टी कुणी वापरली असेल तर मॅक्रो लेन्सच्या फोकस रिंगला अडते का तेवढं सांगा, ऑर्डर त्यावर अडलीये.