चंद्र भूपट्ट ढकलतो का? थोडा हिशेब

समुद्राला येते तशी जमिनीलाही भरती येते. चंद्र-सूर्याच्या ओढीने आपल्या पायाखालचा खडक दिवसातून दोनदा, जास्तीत जास्त एक-दीड फूट, वर-खाली होतो. सगळा मुलूखच एकदम हलतो, म्हणून कळत नाही. कोयना परिसरातल्या खोल निरीक्षण-विहिरींत मात्र या ताणाबरोबर पाण्याची पातळी बदलताना दिसते.

मग भूपट्टही (पृथ्वीच्या कवचाचे सावकाश सरकणारे प्रचंड तुकडे) चंद्रच ओढत असेल का? ही कल्पना खंड सरकतात असं मांडणाऱ्या वेगेनरच्या काळापासून आहे. भरतीमुळे पृथ्वीच्या फिरण्याला ब्रेक लागतो, चंद्र वर्षाला ३.८ सेंमी लांब जातो, आणि या ब्रेकचा रोख पश्चिमेकडे असतो. इथवर सगळं खरं आहे. पण हा जोर साऱ्या भूपृष्ठावर वाटला तर चौरस मीटरला जेमतेम ०.००००२ न्यूटन येतो. खालच्या १०० किमी जाडीच्या मऊ थरावरून वर्षाला ५ सेंमी सरकायचं, तर घर्षण भरतं चौरस मीटरला लाख-दीड लाख न्यूटन. तफावत जवळजवळ हजार कोटी पटींची! भूभौतिकशास्त्रज्ञ जेफ्रीजने तर दाखवून दिलं होतं की भूखंड हलवण्याइतका जोर असता, तर पृथ्वीचं फिरणं वर्षभरात थांबलं असतं. शिवाय भारतीय भूपट्ट पश्चिमेला नव्हे, ईशान्येकडे चालला आहे. भूपट्टांना मुख्यतः ओढतो तो समुद्रतळाचा थंड, जड होऊन खाली बुडणारा भाग.

तरी चंद्राला पूर्ण बाद करू नका. ब्रेकचा जोर नगण्य असला, तरी भरतीने खडक ताणला-दाबला जातो तो ताण १ ते ४ किलोपास्कल, म्हणजे चौरस मीटरला एक ते चार हजार न्यूटन. भूकंपात सुटणारा ताण त्याच्या हजारपट. पण भूपट्टांच्या हालचालीने जो ताण साठायला महिने लागतात, तेवढा भरती सहा तासांत चढवते-उतरवते. तुटायच्या बेतात आलेल्या भ्रंशाला (भूकंपात जिच्यावरून खडक सरकतो त्या भेगेला) तेवढं निमित्त पुरतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या ॲक्सियल या समुद्रतळावरच्या ज्वालामुखीत लहान भूकंप ओहोटीला ठळकपणे वाढतात: वरचं पाणी उतरलं की खालचा मॅग्माचा कोठा फुगतो आणि भ्रंश सरकतो.

म्हणून नुसती तिथी बघून काही ठरत नाही. किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३) अनंत चतुर्दशीच्या रात्री, पौर्णिमेच्या तोंडावर झाला; कोयनेच्या वेळी (११ डिसेंबर १९६७) पौर्णिमेला पाच-सहा दिवस होते. खरी तपासणी करायची तर भ्रंशाची दिशा, त्याचा उतार आणि सरकण्याची तऱ्हा घ्यायची, त्या भ्रंशाच्या पृष्ठावर त्या क्षणी भरतीचा ताण किती होता ते काढायचं, आणि हे शेकडो भूकंपांसाठी करायचं. त्याआधी यादीतून पश्चात-धक्के गाळायलाच हवेत. नाहीतर एकच मोठा भूकंप शंभरदा मोजला जातो आणि नसलेला संबंध दिसू लागतो.