कुलाबा किल्ल्यावर अष्टमीला जाऊ नका

"ओहोटीला अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर चालत जाता येतं." हे वाक्य मला ऑफिसातल्या तिघांनी सांगितलं होतं. एकानेही पुढचं सांगितलं नाही की प्रत्येक ओहोटीला जाता येत नाही. त्यापायी एक शनिवार वाया गेला. वर पैसे गेले आणि तळपाय कापला.

मोबाईलवर ओहोटीची वेळ पाहिली होती, पावणेएक. मांडव्याला बोटीने, तिथून बसने अलिबाग. साडेबाराला मी आणि धाकटा भाऊ किनाऱ्यावर हजर. ऊन डोक्यावर. निम्म्या वाटेपर्यंत घोट्याएवढं पाणी, मग गुडघ्याएवढं. आता उतरेल, मग उतरेल म्हणत चालत राहिलो. मांडीला पाणी लागलं, पायाखाली खडक, खडकावर कालवं. कालवाच्या शिंपीची धार ब्लेडसारखी असते. माझी रबरी चप्पल प्रवाहात निघाली आणि पुढच्याच पावलाला टाच चिरली. मागे फिरलो.

किनाऱ्यावर मासे विकणाऱ्या एका मावशींनी जखमेवर पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "आज अष्टमी ना, भांगाचं पाणी. आज वाट सुकायची नाही." शाळेच्या भूगोलात भांगाची भरती शिकलो होतो, पण तिचा उपयोग त्या दिवशी कळला. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात, म्हणून पाणी खूप चढतं आणि तेवढंच खाली जातं, ते उधाण. अष्टमीला दोघांची ओढ काटकोनात, त्यामुळे धड भरती नाही, धड ओहोटी नाही. तक्त्यात वेळेशेजारी मीटरमध्ये पाण्याची उंची दिलेली असते. त्या दिवशी ओहोटीलाही पावणेदोन मीटर होतं. मी तो आकडा बघितलाच नव्हता.

मग त्याच दिवशी घोडागाडी केली. पाण्यातून गाडी जाते, हे खरं. दोघांचे "जाऊन-येऊन" चारशे ठरले आणि मी ते आधीच दिले. ही घोडचूक. किल्ल्यात पाऊण तास फिरून बाहेर आलो तर आमचा गाडीवाला गायब. दुसरा म्हणाला, त्याचं मला माहीत नाही, परतीचे तीनशे पडतील, आणि पाणी चढतंय. पाणी खरंच चढत होतं, त्यामुळे घासाघीस करायला वावच नव्हता. परत किनाऱ्यावर पाय टेकल्यावरच गाडीवाल्याला पैसे द्या. गाडीचा आणि गाडीवाल्याचा फोटो काढून ठेवा, नंबर घ्या. जो नंबर द्यायला कां-कूं करतो, त्याच्या गाडीत बसू नका.

 

पण किल्ला असा अर्धवट सोडवेना. दहा दिवसांनी तृतीयेला परत गेलो, आदल्या रात्री अलिबागला मुक्काम करून. या किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. तृतीया म्हणजे तीन, त्याची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे रात्री सव्वादोनला भरती. त्यापुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी साडेआठच्या सुमारास. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. साडेसातला निघालो आणि जिथे मांडीएवढं पाणी होतं तिथे ओली वाळू! कोरड्या पायांनी किल्ल्याच्या दरवाजात पोहोचलो तेव्हा ओरडावंसं वाटलं.

तटाजवळ थांबून दगड बघाच. अवजड चिरे नुसते एकावर एक रचलेत, सांध्यात चुना नाही. लाट फटींत शिरते आणि तिथेच तिचा जोर मोडतो. एका फटीत एक खेकडा नांगी बाहेर काढून बसला होता. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये हे काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले, तरी कान्होजी आंग्र्यांचा हा किल्ला त्यांना मिळाला नाही. ज्या पाण्याने मला मागे फिरवलं, त्याच पाण्याच्या भरवशावर किल्ला उभा आहे, हे त्या सकाळी नीट समजलं. आत रघुजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आणि गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर चढवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. एवढं बघायला तास-सव्वा तास पुरतो.

तर अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया गाठा. सप्तमी ते दशमी अजिबात नको. ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि ओहोटीनंतर तासाभराच्या आत किल्ला सोडा, मंदिरात कितीही गार वाटत असलं तरी. पायात पट्ट्याची सँडल हवी. पाणी बरोबर न्या. वाळूवरून चालताना खडकांच्या डाव्या-उजव्या बाजूला भरकटू नका. सकाळी जाणाऱ्या कोळणींच्या मागे राहिलात की वाट चुकत नाही.

पावसाळ्यात कोणी "जाता येतं" म्हणालं तरी जाऊ नका.