स्क्रॅच

अंधेरीतल्या आमच्या स्टुडिओत दिवसाला तीन-चार गायक येतात. हल्ली गाणं सलग कुणी गात नाही. एकेका ओळीचे सात-आठ टेक घ्यायचे, त्यातले बरे शब्द वेचायचे आणि ओळ शिवायची. याला कॉम्पिंग म्हणतात. चौदा वर्षं मी हे करतोय आणि माझी शिवण ऐकू येत नाही, याचा मला अभिमान आहे.

त्या दिवशी ताई आल्या. वय साठीपुढचं. मूळच्या मिरजेच्या. ऐंशीच्या दशकात मुंबईला आल्या, कोरसमध्ये गायल्या आणि ढिगाने डब गायल्या. मोठ्या गायिकेची तारीख मिळेपर्यंत शूटिंग अडायला नको म्हणून दुसरीकडून गाऊन घ्यायचे, तो डब. पुढे तिचा आवाज पुसला जायचा. कविता कृष्णमूर्तीही सुरुवातीला लताबाईंसाठी असे डब गायल्या. त्यांचं नाव झालं, ताईंचं राहून गेलं.

चाल दरबारी रागाच्या अंगाची होती. संगीतकार तरुण, पण ताईच हव्यात असा हट्ट त्यानेच धरला होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

ताईंनी बूथच्या दाराशी चपला काढल्या, बांगड्या उतरवून रुमालात बांधल्या. माईक बांगडीची किणकिणही उचलतो, हे त्यांना सांगावं लागलं नाही. गाणं स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतलं होतं आणि श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीची बारीक रेघ. हेडफोन एका कानावरून मागे सरकवला. स्वतःचा आवाज खोलीतही ऐकायची सवय. मी लगेच क्लिक, म्हणजे हेडफोनमधली तालाची टिकटिक, खाली केली, नाहीतर उघड्या कानाशी ती माईकमध्ये झिरपते.

"मॅम, ओळ-ओळ घेऊया," संगीतकार म्हणाला.

"अंतरा एकदा सलग गाते. मग तुम्ही म्हणाल तसं."

तारसप्तकात गेल्या की पाऊलभर मागे, मंद्रात पुन्हा पुढे. मला लेव्हलला बोटही लावावं लागलं नाही. पन्नास-साठ वादक एका हॉलमध्ये, गाणारी त्यांच्याबरोबर, आणि एक जण चुकला की सगळ्यांनी मुखड्यापासून पुन्हा, अशा रेकॉर्डिंगमध्ये हे अंगात मुरतं. आम्ही आता कुणालाच ते शिकवत नाही.

आणि तो कोमल गंधार. दरबारीचा गंधार एका जागी उभा राहत नाही. तो झुलतो, कीबोर्डच्या पट्टीपेक्षा खालून. ताईंनी तो इतका सावकाश झुलवला की मी पडद्याकडे बघायचंच विसरलो. दुसऱ्या टेकला अंतरा झाला.

त्या चहाला बाहेर गेल्यावर संगीतकार म्हणाला, "गंधार जरा सरळ करून बघतोस?" सूर दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सूर गोळ्यासारखा दिसतो. ताईंचा गंधार म्हणजे एक लांब लाट होती. सॉफ्टवेअरच्या लेखी ती चूकच. मी लाट सपाट केली. गंधार कीबोर्डशी तंतोतंत जुळला आणि त्यातला जीव गेला. संगीतकारालाही ते कळलं, आम्ही केलेलं सगळं मागे घेतलं. मी हे सॉफ्टवेअर रोज वापरतो, पण त्याने आपण एका अख्ख्या पिढीचे कान सपाट करून टाकलेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

निघताना ताई म्हणाल्या, "नाव तेवढं नीट छापायला सांग रे. एकदा कॅसेटवर आडनाव चुकलं होतं."

बारा दिवसांनी कंपनीचा निरोप आला. आवाज तरुण हवा.

नवी मुलगी आली. गुणी, मेहनती, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. संगीतकाराने ताईंचा टेक तिच्या कानात द्यायला सांगितला. मी ओळ वाजवायचो, ती गायची. गंधारावर अडली. मी तेवढा तुकडा अकरा वेळा वाजवला. शेवटी हेडफोन काढून ती म्हणाली, "काय सुंदर आहे हे! कोण गायलंय?"

"स्क्रॅच आहे," संगीतकार म्हणाला. स्क्रॅच म्हणजे नुसता वाट दाखवायला गायलेला कच्चा टेक, पुढे काढून टाकायचा.

मी समोर बसलो होतो. मला नाव माहीत होतं. मी बोललो नाही. रात्री शेवटचं मिक्स काढताना ताईंचा ट्रॅक म्यूट केला.

1949 साली 'महल'मधलं 'आएगा आनेवाला' निघालं तेव्हा तबकडीवर लताबाईंचं नाव नव्हतं, पडद्यावरच्या पात्राचं होतं, 'कामिनी'. नावासाठी आणि रॉयल्टीसाठी त्या पुढे भांडल्या. 2012 च्या कायदादुरुस्तीने गायकाचाही रॉयल्टीवरचा हक्क मान्य केला. पण गाण्यात आवाजच ठेवला नाही, तर ताईंनी हक्क कशावर सांगायचा? त्या दिवसाचे पैसे मिळाले, विषय संपला. डबच्या जमान्यात निदान गाणारीला ठाऊक असायचं की आपला आवाज पुसला जाणार आहे. ताईंना कुणी एक फोन केला नाही. कुणी म्हणजे मीही.

गाणं आलं त्या संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

"ऐकलं. गोड गायलीय पोरगी. पण काय रे, तो गंधार तिला कुणी दिला?"

"तुम्हीच, ताई. तुमचा टेक तिच्या कानात लावला होता."

बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, "परत येताना घाई करते. भेटली तर सांग तिला, षड्जावर लगेच टेकू नकोस." आणि थोड्या वेळाने, "माझं गायलेलं आहे का तुझ्याकडे? नातीला ऐकवलं असतं."

आहे. स्टुडिओतली फाईल बाहेर द्यायची नाही, हा आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवलेला नियम आहे आणि चौदा वर्षांत मी तो कधी मोडलेला नाही. "बघतो," असं म्हणालो. त्याला आज नऊ दिवस झाले. ताईंचा अंतरा ड्राइव्हवर आहे, एक मिनिट बारा सेकंद, फाईलचं नाव 'स्क्रॅच 2'. काल मी ते बदलून त्यांचं नाव घातलं, आडनाव दोनदा तपासून. पाठवलं अजून नाही.