ओहोटी बघून तारखा धरल्या: स्वमग्न मुलासोबत समुद्रावर चार दिवस

मुलगा आठ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक), मोजकेच शब्द बोलणारा. समुद्रावर जायचं ठरलं तेव्हा आम्हांला धास्ती होती ती गाजेची. प्रत्यक्षात लाटांचा आवाज त्याला आवडला. तो एका लयीत येत राहतो, अचानक काही दचकवत नाही. बिनसलं ते वाऱ्यामुळे. आम्ही पोचलो दुपारी. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, त्यामुळे दुपारी समुद्रावरून येणारा वारा जोर धरतो. उडणारी वाळू पोटऱ्यांना टोचत होती आणि पायाखालची तापलेली होती. पाण्यापर्यंत न पोचताच वीस मिनिटांत खोलीवर परतलो. तो हट्ट नव्हता, मेल्टडाउन होता, म्हणजे आवाज-स्पर्शाचा भार असह्य होऊन स्वतःवरचा ताबा सुटणं, म्हणून समजावत बसलो नाही. पडदे ओढले, जड पांघरूण दिलं आणि बराच वेळ कुणीच बोललं नाही.

संध्याकाळी मी एकटीच किनारा पालथा घातला. खडकांच्या आडोशाला एक जागा सापडली, तिथे वारा अडत होता. पुढचे तिन्ही दिवस आम्ही फक्त तिथेच गेलो. दुसरा किनारा बघायचा मोह झाला होता, पण रोज तीच जागा असल्यामुळेच तो तिसऱ्या दिवशी माझा हात सोडून वाळूत बसला.

तारखा मात्र आम्ही आधीच भरती-ओहोटीचं कोष्टक बघून धरल्या होत्या, आणि हे तुम्हीही जरूर करा. ओहोटीला घट्ट, गार, ओली वाळू उघडी पडते. कोरड्या वाळूत पाय रुततात, ती बोटांत अडकते. ओल्या वाळूचं तसं होत नाही. पण ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. पहिल्या दिवशी सातला असेल तर चौथ्या दिवशी साडेनऊच्या आसपास. म्हणून चारही दिवस ती सकाळीच येईल असा आठवडा निवडला. मुलाच्या चित्रांच्या वेळापत्रकात घड्याळ ठेवलंच नाही, फक्त क्रम ठेवला: क्रीम, टोपी, ओली वाळू, बादली, आंघोळ. वेळ सरकली तरी क्रम मोडला नाही.

क्रीमची तयारी दोन आठवडे आधी घरी सुरू केली होती. चोळणं त्याला सहन होत नाही, म्हणून चेहऱ्याला कांडीसारखं मिळणारं सनस्क्रीन आणि अंगात लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट. कांडी तो स्वतः फिरवतो. शर्ट आधी चार-पाचदा धुतला, लेबल कापलं. वाळू झाडताना पाण्याने घासू नका. अंग कोरडं करून कॉर्नफ्लोअर भुरभुरवलं की वाळू सहज सुटते.

गुडघाभर पाण्यात बसल्यावर तो शांत झाला. पाणी सगळीकडून सारखं दाबतं, ते त्याला जड पांघरुणासारखं वाटत असावं. ओल्या वाळूत पाय पुरून घेणंही त्याने पुन्हा पुन्हा मागितलं. वाळूचे किल्ले करण्यात त्याला रस नव्हता; आम्हीही आग्रह धरला नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. २०१२ साली 'पीडिअॅट्रिक्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात चार वर्षांवरच्या स्वमग्न मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांनी एकदा तरी सुरक्षित जागेतून निसटून जाण्याचा प्रयत्न केल्याचं पालकांनी सांगितलं होतं. अनेक मुलांना पाणी ओढून घेतं. 'सगळे आहोत ना' म्हणजे कुणाचंच लक्ष नसतं. आम्ही पंधरा-पंधरा मिनिटांची पाळी लावली. ज्याची पाळी, त्याचा फोन पिशवीत आणि तो मुलापासून हाताच्या अंतरावर. पाळी बदलताना 'आता माझ्याकडे' असं मोठ्याने म्हणायचं. पोहण्याचे कपडे भडक नारिंगी घेतले. निळा रंग पाण्यात हरवतो. मनगटाच्या पट्टीवर फोन नंबर. जीवरक्षकाला पोचताक्षणी भेटून सांगितलं की हा हाक मारली तर वळणार नाही. खोलीच्या दाराला उघडताच वाजणारा छोटा अलार्म लावला. खोली शक्यतो पाण्यापासून थोडी आत घ्या, आणि जनरेटर, लिफ्ट किंवा कार्यक्रमाचं सभागृह शेजारी नाही ना, हे फोनवर नेमकं विचारा.

निघण्याची वेळ आमच्याकडे नेहमी अवघड. टायमर वाजला की एक बादली भरायची, समुद्रात ओतायची, असं तीनदा, आणि मग चालू लागायचं. चौथ्या दिवशी टायमर वाजायच्या आधीच त्याने बादली उचलली. आम्ही अजून थांबायला तयार होतो, पण त्याने तीनदा ओतली आणि टॉवेल मागितला.