न शिवता

"न शिवता फुलं करायची म्हणजे? हात न लावता?"

आठ वर्षांच्या लेकीने हे विचारलं तेव्हा माझ्या एका हातात कात्री होती, दुसऱ्या हातात फोन आणि मांडीवर गुलाबी सॅटिनचा तुकडा. मैत्रिणीला सांगत होते की यंदा गौरीपुढची आरास कापडी फुलांची, आणि तीही न शिवता. लेकीच्या लेखी शिवणं म्हणजे शिवाशिवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी चालते ती. टाके घालण्याचा अर्थ तिच्या कानावर यायचं कारणच नाही. आमच्या घरात सुई पायात रुतली तरच सापडते.

"मग चिमट्याने करायची का?" ती अजून हात न लावण्यावरच होती.

मला शिवता येत नाही हे मी आता लपवत नाही. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला रुमालाला धावदोरा घातला होता, बाई जवळ आल्या म्हणून उभी राहिले तर रुमाल स्कर्टसकट उठला. तेव्हापासून सुईने मला आणि मी सुईला रजा दिली. पण कापड मात्र मला आवडतं. त्याचा पोत, त्याची घडी, धुवट कापडाचा वास. सुईशिवाय कापडाशी खेळायला मिळेल असं काहीतरी हवं होतं, ते या फुलांमध्ये सापडलं.

कच्चा माल घरोघरी पडून असतो. ओटीत आलेले ब्लाऊजपीस! त्यांचे ब्लाऊज कोणी शिवत नाही. ते फक्त प्रवास करतात. माझ्या लग्नानंतर कुणाला तरी दिलेला मोरपंखी पीस सात वर्षांनी एका हळदीकुंकवात माझ्याच ओटीत परत आला. कोपऱ्यातल्या हळदीच्या डागावरून ओळखला. इतका फिरून दमलेला जीव, त्याला पुन्हा कुणाच्या ओटीत ढकलायचं माझ्या जिवावर आलं. माझं पहिलं फूल त्याचंच झालं.

करायचं असं. वाटी, पेला आणि औषधाच्या बाटलीचं झाकण कापडावर पालथं ठेवून पेन्सिलीने गोल काढायचे, म्हणजे लहानमोठे पाच-सहा गोल मिळतात. प्रत्येकाला कडेकडून मध्याकडे पाच काप द्यायचे, मध्य शाबूत ठेवायचा. मग मेणबत्ती. गोल ज्योतीच्या डोक्यावर धरला तर काजळी धरते. बाजूने, जरा अंतर राखून, हात न थांबवता फिरवत न्यायचा. कापडाची कड एकदम दचकल्यासारखी आक्रसते, आत वळते आणि सपाट तुकड्याची पाकळी होते. तो एक क्षण पाहायला मी मेणबत्तीची आख्खी पुडी संपवली आहे. मोठ्यावर लहान असे गोल रचून मध्ये मोती चिकटवला की फूल तयार. घड्याळ लावून बघितलं तर दहा मिनिटं.

पण ही जादू कापडाची नसून प्लॅस्टिकची आहे. आपण ज्याला सॅटिन म्हणून घेतो ते बहुतेक वेळा पॉलिस्टर असतं, आणि पॉलिस्टर २५० ते २६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. म्हणून कड वळते आणि वळलेली तशीच घट्ट होते. सूत वितळत नाही, सरळ पेटतं. हे मला पुस्तकातून कळलं नाही. हौसेने एका जुन्या सुती साडीचा काठ ज्योतीजवळ नेला आणि पुढच्या क्षणी मी सिंककडे धावत होते. घरभर कागद जळल्याचा वास. रेशमाचा वास वेगळा, केस जळल्यासारखा. त्याची राख बोटांत चुरली की भुकटी होते. एवढं समजल्यावर मी घरातल्या सगळ्या ब्लाऊजपिसांच्या कडा हुंगायला लागले, आणि नको ते कळलं. आमच्या एका वन्संनी "प्युअर सिल्क आहे हो, नीट जप" म्हणून दिलेला पीस मी सहा वर्षं मलमलीत गुंडाळून जपला होता. ज्योतीजवळ नेताच त्याच्या कडेला काळे टणक मणी धरले. वन्संना मी काही बोलले नाही. त्याची फुलं मात्र सगळ्यात देखणी झाली.

लेकीचा चिमट्याचा प्रश्न वेडगळ नव्हता, हे नंतर कळलं. जपानमध्ये खरोखरच चिमट्याने कापडाची फुलं करतात. त्सुमामी झाइकू म्हणतात त्याला, आणि त्सुमामी म्हणजे चिमटीत धरणं. एदो काळापासून, म्हणजे १६०३ ते १८६८ या अडीचशे वर्षांतल्या कधीतरीपासून चालत आलेली ही कला. रेशमाचे छोटे चौकोनी तुकडे चिमट्याने दुमडायचे आणि तांदळाच्या खळीवर शेजारी शेजारी बसवायचे. टाका एकही नाही. क्योतोतल्या शिकाऊ गेइशा, ज्यांना माइको म्हणतात, त्या केसांत ही फुलं महिन्याप्रमाणे बदलून माळतात. फेब्रुवारीत प्लमचा बहर, एप्रिलमध्ये साकुरा, मेमध्ये विस्टेरियाचे लोंबते घोस, ऑक्टोबरमध्ये शेवंती. शेवंतीचं वाचून मला एकदम ते लोक नात्यातले वाटायला लागले.

न शिवण्यात एक मेख आहे. कापड कापलं की कडेचे दोरे सुटायला लागतात. त्या दोऱ्यांना आपल्याकडे दशा म्हणतात, आणि ज्याने कुणी हा शब्द योजला त्याला दंडवत. कड सुटली की कापडाची खरंच दशा होते. शिवणारी बाई कड दुमडून टीप मारते आणि मोकळी होते. आमच्यासारख्यांनी कड जाळायची, चिकटवायची, नाहीतर कापड तिरकं, क्रॉस कापायचं, म्हणजे दोरे लवकर सुटत नाहीत. चिकटवण्यातही तऱ्हा आहेत. पांढरा डिंक पातळ कापडातून झिरपून पुढच्या बाजूला डाग पाडतो. झटपट चिकटणारा तो थेंबाएवढा ग्लू सुती कापडावर पडला की चक्क तापतो, धूरसुद्धा निघतो, तिकडे फिरकू नये. राहिली विजेवर तापणारी ग्लू गन. कांडी आत सारली, खटका दाबला की पातळ होऊन बाहेर येते आणि निवाली की घट्ट. तिच्या कोळिष्टकांसारख्या तारा हातावर, केसांत, चहाच्या कपात निघतात ते वेगळं.

जे उष्णतेने चिकटतं ते उष्णतेने सुटतंही, हा साधा हिशोब माझ्या डोक्यात आला नव्हता. मावसबहिणीच्या लग्नात रुखवतासाठी साठ गुलाब करून आम्ही गाडीने सोलापूरला नेले. मे महिना. गाडी उन्हात उभी करून जेवायला गेलो. परत येऊन मागचं दार उघडलं तर खोक्यात साठ देठ एकीकडे आणि पाकळ्यांचा ढीग दुसरीकडे. मावशी म्हणाली, "असू दे गं, अक्षता संपल्या तर उधळू."

परवा साताऱ्याहून आत्या आली. गौरींना येते दरवर्षी. माझा पसारा बघून खाली बसली, गन हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि बाजूला ठेवली. "कणीक आहे ना घरात? खळ कर," म्हणाली. मी वाटीभर पाण्यात दोन चमचे कणीक शिजवून दिली. आत्याने ब्लाऊजच्या टू बाय टू कापडाच्या एका जुन्या तुकड्याला दातांनी खूण करून टर्रकन पट्टी फाडली, दोन बोटं रुंद, हातभर लांब. पट्टी लांबीत दुमडली, टोकाला खळ लावली, खराट्याच्या काडीवर दोन वेढे दिले आणि मग अंगठ्याने पट्टी बाहेरच्या बाजूला पिळत, गुंडाळत, पिळत, गुंडाळत गेली. प्रत्येक पिळाला एक पाकळी उघडत होती. फाडलेल्या कडेच्या दशा तिने झाकल्या नाहीत, उलट नखाने थोड्या अजून सोडल्या. गुलाब जरा पिकलेला, उन्हातून आल्यासारखा दिसायला लागला. माझी सॅटिनची फुलं त्याच्याशेजारी केकवरची वाटली.

"तू कधी शिकलीस हे?"

"बाहेरची बसायचे तेव्हा."

आजीचं शिवणाचं मशीन होतं, गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज ती शिवायची. आत्याला त्या चार दिवसांत कशालाच शिवायचं नाही. पाण्याला नाही, तुळशीला नाही, लोणच्याच्या बरणीला नाही, अंगणातल्या जास्वंदीला तर मुळीच नाही, झाड जळतं म्हणायचे. पुस्तकं वाचून संपायची. शिवण शिकायची तिला फार हौस, पण आजी दारातूनच दटावायची, "मशिनीला शिवू नकोस!" आत्या हे सांगताना अजूनही हसते. शिवणाच्या मशिनीला शिवायचं नाही, मग शिवणार कसं? राहता राहिल्या मशीनखालून झाडून काढलेल्या चिंध्या. त्या कुणाच्या मोजदादीत नव्हत्या. त्यांची टोपली तिच्या खोलीच्या दाराशी सरकवलेली असायची. खळ आणायचं काम धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या बाबांचं. ते आठ वर्षांचे. वाटी उंच धरून वरून तिच्या वाटीत ओतायचे, धार चुकली की उडायचे, आणि स्पर्श झालाच तर पुन्हा आंघोळ. एका खेपेला लिमलेटची एक गोळी असा दर होता. बाबा कोपऱ्यात पेपरमागे बसून ऐकत होते. "दोन गोळ्या," ते म्हणाले. "हिवाळ्यात दोन."

"आणि फुलांचं काय करायचीस?"

"ट्रंकेत. देवाला कशी चालतील?"

१९७९ साली आत्याचं लग्न ठरलं. आजीने ट्रंक उघडली, सगळी फुलं काढून पितळेच्या फुलदाणीत रचली आणि रुखवतात मधोमध, सातूच्या पिठाच्या डोंगरामागे मांडली. वरपक्षाच्या बायका वाकून वाकून बघत होत्या. एकीने विचारलं, एवढं नाजूक काम करायला पोरीला वेळ कधी मिळाला? आजी पदर सावरत म्हणाली, "सुट्टीत करते हो. फार निगुतीची आहे."

मी आजीला पाहिलंय. ती असं म्हणाली असेल यावर माझा पूर्ण विश्वास आहे. चेहऱ्यावरची रेषही हलली नसेल.

एवढं ऐकून लेकीने आत्याआजीला विचारलं की चार दिवस तिला कुणीच हात लावला नाही का. आत्या म्हणाली, मांजर लावायची. मग लेकीला कामाला लावलं, ती पट्टी दे, ती काडी दे. पोरगी वस्ताद. पिवळी पट्टी दोन बोटांत उंच धरून तिने ती वरून आत्याच्या पसरलेल्या हातात सोडली. मी ओरडणार होते. तेवढ्यात आत्याने खळीने माखलेल्या हाताने तिचं मनगट गच्च पकडलं.

"शिवले! आता तुझ्यावर राज्य."